महाराणीचा ताप

त्यांना सगळे ‘पॉइंट’ म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. एका मोठ्या इस्पितळाच्या थंडाव्याच्या यंत्रांवर त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. शस्त्रक्रियेच्या खोल्या, रक्तपेढीचे फ्रिज, लशींची कपाटं. जिथे जेवढं तापमान ठरलं असेल तिथे तेवढंच राहिलं पाहिजे, हे त्यांचं काम. कुणी ‘साधारण चार अंश आहे’ म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. साधारण म्हणजे किती, चार पॉइंट दोन की चार पॉइंट सहा, असं विचारता विचारता ते स्वतःच पॉइंट होऊन बसले.

निवृत्त झाल्यावर या माणसाने घर हातात घेतलं. फ्रिजमध्ये तीन तापमापक आले. गिझरच्या बटणाला खूण झाली. बायको चहा ओतायला लागली की ते कपाजवळ बोट नेऊन, आत्ता पिऊ नकोस, दोन मिनिटं थांब, असं सांगायला लागले. बायको वाचनालयात नोकरीला होती, त्यामुळे दिवसभर तरी तिची सुटका होई. संध्याकाळी मात्र तिला घरी यावंच लागे, आणि घरी झोपायच्या खोलीतल्या एसीचा रिमोट नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात असे.

खरी ठिणगी तिथेच पडायची. बायकोने पन्नाशी ओलांडली होती, आणि गेली दोन वर्षं तिला अधूनमधून अचानक छातीपासून कानापर्यंत गरम वाफ उठल्यासारखं होई. दोन मिनिटांत कपाळ, मान, पाठ घामाने भिजे. एसी वाढवा म्हटलं की पॉइंट भिंतीवरच्या काट्याकडे बोट दाखवत. खोलीत सव्वीस पॉइंट दोन आहे, या तापमानाला कुणाला उकडणं शक्यच नाही, असं ते अगदी प्रेमाने समजावून सांगत. त्यावर बायको पुस्तक उचलून गॅलरीत जाऊन बसे. काही वेळाने घाम वाळला की तिला थंडी वाजे, मग ती शाल घेऊन आत येई. तेव्हाही काटा सव्वीस पॉइंट दोनवरच असे, आणि पॉइंट तेही तिच्या नजरेला आणून देत.

तेव्हा भाचीचा फोन आला तो बायकोला देवच पावल्यासारखा वाटला. भाची म्हणजे बायकोच्या बहिणीची मुलगी. ती जनावरांची डॉक्टर होती आणि गावाबाहेरच्या एका छोट्याशा प्राणिसंग्रहालयात कामाला होती. तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागातले हीटर सारखे बंद पडत होते आणि दुरुस्त करायला येणारा माणूस दर वेळी नुसता फ्यूज बदलून जात होता. मावशी, काकांना जरा वेळ असेल का, असं तिने विचारलं. मावशीने, वेळ तर इतका आहे की आम्हाला पुरून उरतोय, असं सांगून दुसऱ्या दिवशीच नवऱ्याच्या हाती डबा आणि हत्यारांची पेटी दिली.

विभाग म्हणजे एक लांबट दगडी इमारत होती. आत शिरल्याबरोबर ओल्या मातीचा आणि सुकलेल्या पाल्याचा वास यायचा. दोन्ही बाजूंना काचेच्या खोल्या. बहुतेकांत काही दिसतच नसे. फार वेळ पाहिलं तर मग दगड डोळे मिटायचा. सगळ्यांत मोठी खोली महाराणीची होती. महाराणी ही इग्वाना जातीची मादी, म्हणजे सरड्याच्याच गोतातली, पण उभी केली तर शेपटीसकट माणसाच्या खांद्याएवढी उंच भरेल अशी. हिरवट राखाडी अंग, गळ्याखाली लोंबणारी झालर आणि चेहऱ्यावर सदैव असा भाव की समोरच्याने आधी वेळ ठरवून यायला हवं होतं. कुणीतरी हौसेने पाळलेली आणि मोठी झाल्यावर इथे आणून सोडलेली. चौदा वर्षं ती इथेच होती.

तिला सांभाळणाऱ्या राखणदाराला सगळे मामा म्हणत. मामा मोजकं बोलणारे. पॉइंट यांनी काचेच्या खोलीत दोन टोकांना तापमापक लावले आणि आकडे पाहून त्यांना धक्काच बसला. एका टोकाला दिव्याखालच्या फांदीवर एकोणचाळीस, दुसऱ्या टोकाला फरशीवर चोवीस.

“एका खोलीत पंधरा अंशांचा फरक?” ते म्हणाले. “आमच्याकडे असं झालं असतं तर मला घरी बसवलं असतं.”

मामांनी एवढंच सांगितलं, की ती जेवली की दिव्याखाली जाते, आणि फार झालं की खाली येते. पॉइंट यांनी ते ऐकलं, पण कानाआड केलं. यंत्रणा नीट नाही म्हणून बिचारीला इकडून तिकडे वणवण करावी लागते, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

भाची त्याच सुमारास दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी गेली होती, त्यामुळे पॉइंट यांना अडवणारं कुणी नव्हतं. त्यांनी जुनी वायरिंग काढली, दिवा काढला, भिंतीत चार छोटे हीटर बसवले, हवा फिरवायला मंद पंखा लावला, सहा जागी सेन्सर ठेवले. एकोणचाळीस आणि चोवीस यांची सरासरी साडेएकतीस. हीटरच्या नियंत्रण-पेटीवर एकतीस पॉइंट पाच लावलं. तिसऱ्या दिवशी आलेख निघाला तो असा, की पट्टीने रेघ मारावी. पाव अंशाचाही फरक नाही. व्यवस्थापकांनी तो कागद स्वतःच्या खोलीत लावला. पॉइंट त्या संध्याकाळी शीळ घालत घरी आले, आणि बायकोला वाटलं की गंगेत घोडं न्हालं.

चौथ्या दिवसापासून महाराणीने खाणं टाकलं. भोपळ्याची फोड होती तशीच सुकून गेली. सहाव्या दिवशी ती फांदीवर चढेना. खाली फरशीवर पसरून राहिली, पोट टम्म, डोळे अर्धे मिटलेले. पॉइंट यांनी सहाही सेन्सर काढून तपासले. सगळे चोख. दोष यंत्रणेत नाही म्हटल्यावर तो प्राण्यातच असणार, असं त्यांनी मामांना सांगितलं. वयही झालंय तिचं, असंही म्हणाले. मामांनी नुसता पाला बदलला. दार लावताना मात्र ते म्हणाले, “साहेब, तिला जायला जागाच ठेवली नाही तुम्ही.”

भाची परत आली ती बॅगसुद्धा खाली न ठेवता थेट काचेपाशी. एकदा आत पाहिलं, एकदा भिंतीवरच्या आकड्याकडे. मग ती काकांना घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. ओरडली असती तर पॉइंट यांना बरं वाटलं असतं.

“काका, तुमच्या फ्रिजचं काम कसं चालतं, मला सांगा.”

पॉइंट यांनी सांगितलं. सेन्सर तापमान बघतो. ठरलेल्या आकड्याशी ताडून बघतो. जास्त झालं तर यंत्र सुरू, पुरेसं उतरलं की बंद. उतरलं की नाही हे पुन्हा तोच सेन्सर सांगतो. केलेल्या कामाचा परिणाम फिरून त्याच्याकडेच येतो, म्हणून तर गाडी रुळावर राहते.

“बरोबर. आता महाराणीकडे बघा. तिच्या डोक्यात तसाच एक सेन्सर आहे, अस्सल. तिला किती ऊब हवी ते तो ताडतो. पण तिच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नाही. ऊब बाहेरून घ्यायची. मग कमी पडली की काय करायचं? चालत दिव्याखाली जायचं. जास्त झाली की चालत सावलीत यायचं. तिचे पाय म्हणजे तिचा स्विच आहे. थर्मोस्टॅट तिच्याकडे होताच, काका. तुम्ही त्याची वायर कापलीत.”

 भाचीने पुढे सांगितलं, की साडेएकतीसला तिचं अन्न पचत नाही. जेवल्यावर तिला छत्तीसच्या आसपास अंग तापवावं लागतं. पोटात अन्न तसंच पडून आहे म्हणून ती खात नाही. आजार काहीच नाही, निदान आज तरी.

दुपारपर्यंत दिवा परत लागला. हीटर पॉइंट यांनी स्वतःच्या हातांनी काढले. मामांनी शिडी धरली, आणि मी सांगितलं होतं असं एकदाही म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. दिवा लागल्यावर महाराणी पाऊण तास तशीच पडून होती. मग तिने एक पाय उचलला. मग दुसरा. फांदी चढून दिव्याखाली जाऊन पसरली तेव्हा मामांनी खिशातून रुमाल काढून उगाचच काच पुसली.

त्यानंतर भाचीशी बोलता बोलता पॉइंट यांनी एक प्रश्न विचारला. आपल्या अंगात भट्टी आहे, तर मग आपण काय करतो? भाची म्हणाली, आपल्याकडेही तोच हिशेब. गरम झालं की घाम, कातडीकडे जास्त रक्त. गार पडलं की थरथर, त्यातून ऊब. आणि या दोन्हींच्या मध्ये थोडी मोकळी जागा असते, जिथे शरीर काहीच करत नाही.

“म्हणजे ढील,” पॉइंट म्हणाले. “फ्रिज चारवर ठेवला तरी आम्ही तो पाचला सुरू करतो आणि तीनला बंद करतो. अजिबात ढील ठेवली नाही, तर यंत्र दर मिनिटाला चालू-बंद होऊन जळून जातं.”

“अगदी तसंच. आणि बायकांचं एक वय असं येतं की ती ढील फार कमी होते. अंग जराही तापलं, चहाच्या एका घोटाने तापलं, तरी शरीराला वाटतं आग लागली, आणि सगळे नळ एकदम सुटतात. मग गरजेपेक्षा जास्त गार होतं, की थंडी. खोलीच्या काट्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.” ती उठता उठता म्हणाली, “मावशीला विचारा. ती मला कधीची सांगतेय.”

पॉइंट त्या संध्याकाळी बस सोडून चालत घरी गेले. दोन वर्षं ज्या मशीनचा आवाज घरात येत होता, ते मशीन ओळखायला चौतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला एक घोरपडीएवढी सरडीण लागली, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. बायको स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. ते दारात उभे राहिले.

“तुला ते होतं ना, गरम. ते नेमकं कसं होतं?”

बायकोने सुरी खाली ठेवली. थट्टा चालली आहे का, हे तिने आधी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं.

“आधी कळतं,” ती म्हणाली. “छातीत धडधड होते. कुणीतरी आतून दार ठोठावल्यासारखी. मग वाफ. वाचनालयात कुणाशी बोलत असले तर मला वाटतं, आता यांना माझा चेहरा लाल झालेला दिसणार. आणि घरी आले की तुम्ही आकडा सांगता.”

“मी बाहेरचा आकडा बघत होतो,” पॉइंट म्हणाले.

“ते मला माहीत होतं. पण तुम्हाला सांगून कंटाळले होते.”

मग त्यांनी रिमोट काढून ओट्यावर ठेवला. तो तिने लगेच घेतला नाही. आधी कांदा पुरा चिरला. नंतर दोघं बराच वेळ बोलत बसले, आणि पॉइंट यांनी एवढे प्रश्न विचारले की शेवटी बायकोच म्हणाली, आता पुरे, मी काही तुमची रक्तपेढी नाही. तिच्या बाजूला एक वेगळा छोटा पंखा आला, त्याचं बटण तिच्या उशाशी. पॉइंट एक जास्तीचं पांघरूण घेऊन झोपायला लागले. पहिले काही दिवस ते पंखा सुरू झाला की कुशीवर वळून घड्याळ बघत, पण तेही हळूहळू सुटलं.

प्राणिसंग्रहालयात त्यांचं जाणं सुटलं नाही. उलट वाढलं. आता ते काचेसमोर स्टूल टाकून बसत आणि हातातल्या बंदुकीसारख्या तापमापकाने दुरूनच महाराणीच्या पाठीचं तापमान घेत. दर दहा मिनिटांनी वहीत नोंद. चार दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की ती सदतीसला दिव्याखालून निघते आणि चौतीसला परत येते. मध्ये तीन अंशांची ढील. त्यांनी हे मामांना एवढ्या उत्साहाने सांगितलं, की जणू ते कोलंबसच. मामा म्हणाले, आकडे मला माहीत नव्हते, पण ती कधी उठणार हे मला तिच्या गळ्याच्या झालरीवरून कळतं. मग पॉइंट झालरीचीही नोंद करायला लागले.

एका सोमवारी, म्हणजे प्राणिसंग्रहालय आणि वाचनालय दोन्ही बंद असतात त्या दिवशी, बायको म्हणाली, मलाही बघायची आहे ही तुमची महाराणी. मामा रजेवर होते. सकाळचं पाला-पाणी बदली माणसाने करून ठेवलं होतं. दोघं आत गेले तेव्हा महाराणी दिव्याखाली होती, अगदी दिव्याला चिकटून. पॉइंट यांनी तापमापक रोखला. एकोणचाळीस पॉइंट चार.

त्यांनी पुन्हा घेतलं. तेच. सदतीसला उठणारी बाई एकोणचाळीसला हलत नव्हती. पाला तसाच पडला होता. पुढच्या डाव्या पायाचं एक बोट सुजून दुप्पट झालेलं बायकोलाच आधी दिसलं. पॉइंट यांनी भाचीला फोन लावला. ती एका हरणाच्या शस्त्रक्रियेत होती. फोन उचलणाऱ्याने सांगितलं, तासभर तरी नाही.

पॉइंट यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. दिवा निम्मा करायचा, एवढंच. आयुष्यभर हाताला तेच वळण होतं. आकडा वर गेला, खाली आण.

“काय करताय?” बायकोने विचारलं.

“तापलीय ती. भाजेल.”

“तिला उतरता येत नाहीये का?”

पॉइंट थांबले. फांदी मोकळी होती. खालची फरशी चोवीसला, पाण्याचं भांडं भरलेलं. वाट कुठेच अडलेली नव्हती.

“पाय सुजलाय. कदाचित येत नसेल.”

“मग आधी ते बघा. तिला कळतच नाही, असं का धरून चालता?”

हे वाक्य कुणाबद्दल होतं याचा विचार करत बसायला तेव्हा वेळ नव्हता. पॉइंट यांनी बटणावरचा हात काढला आणि स्टूल ओढलं. बायको घड्याळ बघून वेळ सांगे, ते आकडा घेत, ती लिहून घेई. एकोणचाळीस पॉइंट सहा. नऊ. चाळीस. चाळीसला पॉइंट यांनी पुन्हा बटणाकडे पाहिलं. ते उठणार, एवढ्यात महाराणी हलली. दुखरा पाय उचलून धरत ती फांदीवरून वीतभर मागे सरकली, दिव्याच्या कडेला, आणि थांबली. आकडा उतरायला लागला. साडेअडतीसला ती पुन्हा वीतभर पुढे आली.

पॉइंट वहीकडे बघत राहिले. मग ते अगदी हळू म्हणाले, “बिघडलेलं नाही काही. चालू-बंद नीट होतंय. फक्त तिने आकडाच वर नेलाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे ताप. तिने ताप आणलाय. स्वतः चालत जाऊन.”

बायकोला ते इतकं आवडलं की तिने काचेला हात टेकवून महाराणीकडे नव्याने पाहिलं. आपल्याला ताप येतो तेव्हा पांघरुणं गोळा करतो तसंच ना, तिने विचारलं, आणि पॉइंट यांनी मान डोलावली.

दीड तासाने भाची धावत आली. अंगावर अजून शस्त्रक्रियेचा हिरवा डगला. काका, तुम्ही दिवा कमी नाही ना केला, हे तिचं पहिलं वाक्य. नाही म्हटल्यावर तिचे खांदे खाली आले. नखाच्या मुळाशी जखम होऊन आत पू झाला होता. असा संसर्ग झाला की हे प्राणी मुद्दाम अंग तापवतात, वाढलेल्या उबेत त्यांचं शरीर जंतूंशी जास्त जोराने लढतं, आणि तेव्हा त्यांची ऊब काढून घेतली तर ते हरूही शकतात, हे तिने जखम धुता धुता सांगितलं. औषधाचं इंजेक्शन दिलं, दिवा संध्याकाळी दोन तास जास्त ठेवायला सांगितला, आणि पॉइंट यांची वही मागून घेतली. ती वाचताना तिने मावशीच्या अक्षराचं कौतुक केलं. काकांबद्दल काही बोलली नाही, पण वहीचे फोटो काढूनच ती परत दिली.

पुढचे तीन दिवस आकडा साडेअडतीस आणि चाळीसच्या मध्ये नाचत राहिला. पॉइंट रोज सकाळी जात आणि संध्याकाळी बायकोला सविस्तर हकीकत सांगत. चौथ्या दिवशी ते घरातून निघण्याआधीच मामांचा फोन आला. मामांनी आजवर कुणालाही फोन केल्याचं ऐकिवात नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, उतरली. फरशीवर बसलीय. भोपळा खाल्ला,” आणि ठेवून दिला.

मलमपट्टी बदलायच्या दिवशी बायकोने अर्धी रजा टाकली. मामांनी महाराणीचं डोकं आणि खांदे धरले, भाचीने पाय, आणि शेपटी सांभाळायला पॉइंट यांना दिली. मामांनी दोनदा बजावलं होतं, की शेपटी मुळाशी धरा, टोकाशी नको. पॉइंट यांनी मुळाशीच धरली, पण मध्येच दुसऱ्या हातातल्या तापमापकावर त्यांना पाठीचं तापमान दिसलं, सहजच दिसलं, आणि ते सांगायला त्यांनी मान वळवली. त्या क्षणी शेपूट सुटली आणि त्यांच्या नडगीवर अशी बसली, की आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

पॉइंट एका पायावर नाचत बाहेर आले. बायको बाकावर बसून हसत होती, हसता हसता तिला ती गरम लाट आली, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला, तरी हसू थांबेना. एका हाताने ती पदराने वारा घेत होती आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याला बसायला जागा करून देत होती. मामा आतून बर्फाची पिशवी घेऊन आले. ती त्यांनी कुणाला द्यावी याचा क्षणभर विचार केला आणि दोघांच्या मध्ये ठेवून परत आत गेले. बायकोने ती आधी स्वतःच्या मानेला लावली, मग त्यांच्या नडगीला. नंतरचा अर्धा तास ती पिशवी अशीच इकडून तिकडे जात होती, आणि आत भाची मामांना विचारत होती, की पुढच्या वेळी शेपटीला कोण.